कोऱ्या ओळी

माझ्याकडे बत्तीस पानांचं एक चोपडं आहे. मुखपृष्ठ सुटं, आतली पानं सुटी. दोन्हींना जोडणारी पिन मुळातच मारलेली नाही. आत एका भुयारी किल्ल्यातल्या खोल्यांची वर्णनं आहेत आणि वर्णनांखाली कोऱ्या ओळी सोडल्यात: इथे राक्षस कोणता, खजिना काय आणि तो कुठे दडवलाय. माझ्याआधी हे चोपडं ज्याच्याकडे होतं त्यानं त्या ओळी पेन्सिलीनं भरल्यात. अक्षर दहा-अकरा वर्षांच्या पोराचं असावं. एका खोलीत काहीतरी लिहून खोडलंय, परत लिहून परत खोडलंय. कागद तिथे इतका झिजलाय की उजेडाकडे धरला तर पाठच्या पानावरची अक्षरं दिसतात.

शिकागोतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे मला नऊ डॉलरला मिळालं. "आत लिहिलेलं आहे हं," असं दुकानदारानं दोनदा बजावलं. कोरं असतं तर त्यानं ते काचेच्या कपाटात ठेवलं असतं आणि मी लांबूनच बघून घरी आले असते.

चोपडं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचं. आमच्या चिरंजीवांना नववीत त्याचं वेड लागलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाच-सहा पोरं, फासे आणि चिप्सचा चुरा असं दृश्य सुरू झालं. एक जण गोष्ट सांगणारा, म्हणजे डंजन मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. कोण काय बोलणार ते आधी ठरलेलं नसतं. पहिल्या दिवशी मी चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मला कुडाळच्या जत्रेतला दशावतार आठवला. आख्यान ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे, आणि राक्षस रंगमंचावर आला की पोरं मागे सरकणार. फरक एवढाच की इथे राक्षस मरणार की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

पण मला या खेळाच्या नादी लावलं ते कागदानं. कुडाळात माझ्या काकांचा ट्रेडल मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, सोसायटीच्या पावत्या. सुट्टीत आम्ही पोरं तिथे पानं उचलायला आणि पिना मारायला. त्यामुळे छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की मी मजकूर मागाहून वाचते, आधी ती कशी बांधलीय ते बघते. हे चोपडं बघितल्यावर पहिला प्रश्न पडला, की मुखपृष्ठ सुटं का? उत्तर सोपं निघालं. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. ते टेबलावर उभं करायचं, म्हणजे डंजन मास्टरला नकाशा दिसतो आणि समोरच्यांना फक्त चित्र. नकाशा फिकट निळ्या शाईत. त्या काळच्या झेरॉक्स मशीनला तो निळा धड टिपता येत नसे, म्हणून कुणी चोरून प्रती काढू नयेत यासाठी तो रंग निवडला, असं म्हणतात. काका असते तर त्यांनी या युक्तीचं कौतुक केलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वापरली असती.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी पुढे विचारत गेले, की अशी चोपडी आधी कुणी छापली, कधी, कशी. तिथून मी जे शिरले ते अजून बाहेर आलेले नाही.

खुद्द खेळाचाच वाढदिवस धड ठाऊक नाही. १९७४चा जानेवारी एवढं नक्की. जॉन पीटरसन या अभ्यासकानं जुनी पत्रं आणि पत्रकं चाळून जानेवारीचा शेवटचा रविवार सुचवला, आणि चाहत्यांनी तो मानून घेतला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स, डॉन के आणि ब्रायन ब्लूम यांनी पदरचे पैसे घालून तीन पुस्तिकांचा एक खोका काढला. हजार प्रती. खोके घरात बसून भरले. गायगॅक्सची विम्यातली नोकरी गेलेली होती आणि तो जोडे दुरुस्त करून घर चालवत होता. खेळाची मूळ कल्पना मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनची किती आणि गायगॅक्सची किती, हा वाद पुढे कोर्टात गेला. १९७९ साली आर्नेसननं कंपनीवर दावा लावला, १९८१ साली तडजोड झाली. दोघेही आता हयात नाहीत. भांडण मात्र त्यांच्या चाहत्यांनी वारसाहक्कानं घेतलंय.

त्या खोक्यात नियम होते, पण खेळायला तयार गोष्ट नव्हती, नकाशे भरलेलं भुयार नव्हतं. टीएसआर या त्या कंपनीचा समज असा, की ते तर प्रत्येक डंजन मास्टर स्वतःच करणार, त्यातच तर मजा. दुसऱ्याची कल्पना कोण कशाला विकत घेईल? पाककृतीचं पुस्तक छापणाऱ्याला वाटावं की तयार लोणचं कोण विकत घेणार, तसं. या समजापायी पहिली चार वर्षं कंपनीनं स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे खेळायला तयार साहसाचं सुटं चोपडं, असं काही काढलंच नाही, आणि ती मोकळी जागा इतरांनी भरली. सगळा गोंधळ या चार वर्षांतला आहे.

छापलेलं पहिलं साहस म्हणून 'टेंपल ऑफ द फ्रॉग'चं नाव घेतात. १९७५ सालच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत ते आहे, लेखक आर्नेसन. पण संपादक टिम कास्क सांगत असे, की त्याच्यासमोर आलं ते पुस्तकाचं बाड नव्हतंच. तो टिपणांचा ढीग होता, विस्कटलेला, आणि त्यातून पुस्तक उभं करावं लागलं. मग त्यातलं आर्नेसनचं किती आणि कास्कचं किती? छापखान्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. गावातल्या अर्ध्या स्मरणिकांमधले 'अध्यक्षांचे मनोगत' काकांनी लिहिलेले होते.

स्वतंत्रपणे विकलेलं पहिलं मॉड्यूल मानतात ते त्यानंतरचं, १९७६चं: 'पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन'. ते केलं पीट आणि जूडी केरेस्टन या जोडप्यानं, वी वॉरियर्स नावाच्या आपल्या घरगुती प्रकाशनातून. हे मी पहिल्यांदा स्कॅनमध्ये बघितलं तेव्हा हसू आलं. वर्णनं जवळपास नाहीतच. एका मजल्याचा नकाशा, आणि समोर तक्ता: खोली क्रमांक, आत कोण, त्याची ताकद किती, काय सापडेल. किराणा दुकानाची वहीच. राजकन्येला पळवून नेलंय, रक्तपिपासू राणीचा महाल आहे, एवढी गोष्ट थोडक्यात, आणि मग हिशेब. गंमत अशी, की 'असलं कोण विकत घेणार' म्हणणाऱ्या टीएसआरनंच या चोपड्याचं वितरण केलं. म्हणजे पहिलं मॉड्यूल त्यांनी छापलं नाही, पण विकलं. त्यामुळे 'पहिलं कुणाचं' याचं उत्तर तुम्ही कुठल्या टेबलाशी बसलाय त्यावर ठरतं.

त्याच वर्षी इलिनॉयमधल्या डिकेटर गावचे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन लेक जिनिव्हाला गेले. डिकेटर माझ्या घरापासून तीन तासांवर. सोयाबीनचे कारखाने आणि त्यांचा वास. ब्लेडसॉला एका अख्ख्या काल्पनिक शहराचा नकाशा विकायचा होता, गल्ल्या, दुकानं, दुकानदारांच्या खोड्यांसकट. टीएसआरनं परवानगी दिली, तीही तोंडी. ती देताना समोरच्यांच्या चेहऱ्यावर काय भाव असतील ते मी कल्पनेनं बघू शकते: जा बाबा, कर काय करायचं ते. ऑगस्टमधल्या जेन कॉन या खेळाडूंच्या संमेलनात ब्लेडसॉनं टेबलाटेबलाशी जाऊन नकाशे दाखवले आणि वर्गणीदार गोळा केले. जजेस गिल्ड नावानं सुरू झालेला तो धंदा इतका चालला, की टीएसआरला आपला समज तपासून बघावा लागला.

दरम्यान साहसं लिहिली जात होती ती वेगळ्याच कारणासाठी. संमेलनांमध्ये स्पर्धा व्हायच्या. दहा गट, दहा डंजन मास्टर, आणि गुण द्यायचे तर सगळ्यांसमोर तेच भुयार हवं, त्याच खोलीत तोच सापळा. म्हणजे लिहून काढणं आलं. १९७५ साली बाल्टिमोरच्या पहिल्या ओरिजिन्स संमेलनात गायगॅक्सनं 'टूम ऑफ हॉरर्स' खेळवलं. ते इतकं निर्दय आहे की बहुतेक पात्रं पहिल्या काही दालनांतच मरतात. स्पर्धेत ते ठीक होतं, संध्याकाळपर्यंत गट बाद व्हायलाच हवेत. पण १९७८ साली तेच छापून दुकानात आलं, आणि घरी चार मित्रांत खेळणाऱ्या पोरांना वाटलं की आपण मठ्ठ आहोत. माझा मुलगा त्यात दोनदा मेला. मी त्याला सांगितलं, की अरे, ही बोर्डाची परीक्षा नाही, एमपीएससीची चाळणी आहे. त्याला बोर्डही कळलं नाही आणि एमपीएससीही.

या स्पर्धांचे कागद हे संग्राहकांचं खरं दुखणं. डेट्रॉइटकडच्या मेट्रो डेट्रॉइट गेमर्स या क्लबनं १९७६च्या हिवाळी संमेलनासाठी गायगॅक्सकडून 'लॉस्ट कॅव्हर्न्स ऑफ त्सोजकॉन्थ' घेतलं आणि मोजक्या प्रतींत छापलं. १९८२ साली टीएसआरनं ते पुन्हा लिहून काढलं तेव्हा नावातलं एक अक्षर बदललं, त्सोजकॅन्थ झालं. आता जुन्या प्रतीची ओळख त्या एका स्वरावर ठरते. संमेलन संपल्यावर अशी पानं कुणी जपून ठेवतं का? आपल्याकडे एकांकिका स्पर्धेनंतर संहितेची झेरॉक्स कुणाच्या घरी सापडते? पिशवीच्या तळाशी जी राहिली ती राहिली.

१९७८ साली टीएसआरनं अखेर स्वतःची मॉड्यूल्स काढली. नियमांचा जाडजूड ग्रंथ लिहिता लिहिता कंटाळा आला म्हणून विरंगुळ्याला गायगॅक्सनं राक्षसांच्या तीन गढ्यांची साहसं लिहिली. आठ-सोळा पानांची चोपडी, एकरंगी मुखपृष्ठं. लोकांच्या उड्या पडल्या. इथून पुढचा इतिहास तसा स्वच्छ आहे, तारखा आहेत, आवृत्त्या आहेत. म्हणजे मला तसं वाटलं होतं. पण १९७९ला आलेल्या 'व्हिलेज ऑफ हॉमलेट'चा दुसरा भाग 'लवकरच' म्हणून सांगितला आणि तो यायला १९८५ उजाडलं, तोही दुसऱ्याच्या, फ्रँक मेंट्झरच्या हातून पुरा होऊन. आणि मग ते नारिंगी चोपडं.

जीन वेल्सबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते दुपारी, ऑफिसात, डबा उघडा ठेवून. टीएसआरच्या रचनाकारांच्या विभागातली ती पहिली बाई, १९७९ साली रुजू झालेली. नवख्या खेळाडूंसाठीच्या बी मालिकेत तिला तिसरं मॉड्यूल लिहायला मिळालं: 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस'. नवशिक्या डंजन मास्टरनं स्वतः भरायच्या म्हणून काही खोल्या तिनं मोकळ्या ठेवल्या, जशा माझ्या चोपड्यात, माइक कारनं लिहिलेल्या बी १मध्ये कोऱ्या ओळी आहेत तशा. १९८१च्या सुरुवातीला छापून आलं, नारिंगी मुखपृष्ठाचं. गठ्ठे आले, कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर प्रती गेल्या, आणि लगेच वरून हुकूम आला: सगळ्या प्रती परत करा. छापलेला साठा नष्ट करण्यात आला. गावच्या कचराभूमीत पुरला असं सांगतात. त्याच वर्षी टॉम मोल्डवेनं पुन्हा लिहिलेलं, हिरव्या मुखपृष्ठाचं मॉड्यूल बाजारात आलं. त्यावर दोघांची नावं आहेत, मोल्डवेचं आधी.

का मागे घेतलं? एका चित्रात केसांनी छताला बांधलेली बाई आहे आणि भोवती तिला छळणारे कुरूप पुरुष. गोष्टीत तो निव्वळ भास आहे, दहा सोंडांच्या एका प्राण्यानं पसरवलेला. मुलांच्या खेळात हे कसं चालेल, म्हणून, असं काही जण सांगतात. दुसरे म्हणतात, एरोल ओटस या चित्रकारानं तीन डोक्यांच्या प्राण्यांना कंपनीतल्या लोकांचे चेहरे दिले आणि ज्यांचे चेहरे होते त्यांना ते रुचलं नाही. तिसरे म्हणतात, लिखाणच कच्चं होतं. वाचल्यावर मला तिसऱ्यांचं थोडं पटलं, काही खोल्या खरंच विसविशीत आहेत. पण इतर मॉड्यूल्समध्ये विसविशीत खोल्यांचा तोटा नाही आणि त्यांना कुणी पुरलं नाही. आणि त्या बदनाम चित्राखालची सही लॉरा रोसलॉफ या बाईचीच आहे, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

हुकूम ऐकून कुणी कुणी आपली प्रत परत केली नाही. त्या वाचल्या, आणि आज लिलावात त्यांची किंमत ऐकली की मला घाम फुटतो. मोकळ्या सोडलेल्या खोल्यांचं ते चोपडं आता हवाबंद प्लास्टिकात असतं. त्यात कुणी पेन्सिल टेकवली तर मालकाला झटका येईल. पुढे टीएसआर विकत घेतलेल्या कंपनीनं नारिंगी आवृत्ती इंटरनेटवर फुकट ठेवली, म्हणून माझ्यासारखीला वाचता आली. जीन वेल्स २०१२ साली गेली.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लेक जिनिव्हाला गेलो. घरून दीड तास. तळं सुंदर आहे, आइस्क्रीम महाग आहे. सेंटर स्ट्रीटवरचं गायगॅक्सचं ते जुनं घर, ३३० नंबरचं, बाहेरून बघितलं. साधं, पांढरं, आपल्याकडे पोस्टमास्तर राहील असं. १९६८ साली पहिलं जेन कॉन जिथे भरलं तो हॉर्टिकल्चरल हॉल बघितला, पन्नास डॉलर भाड्याचा. मुलगा फोटो काढत होता. मी मात्र प्रत्येक उंचवट्याकडे संशयानं बघत होते, की याच्या खाली तर नाही? "आई, तू कचराभूमी शोधतेयस का?" त्यानं विचारलं. शोधत होते.

परतीच्या वाटेवर त्यानं मला आणखी एका मॉड्यूलचं नाव सांगितलं, मुद्दाम राखून ठेवलेलं. "रहासिया," तो म्हणाला, अमेरिकन उच्चारात, आणि माझ्याकडे बघत राहिला. १९८०च्या आसपास ट्रेसी आणि लॉरा हिकमन या युटाकडच्या जोडप्यानं ते डेस्टार वेस्ट या आपल्या घरगुती नावाखाली छापलं. साहसाचा हेतू लुटालुटीपेक्षा बरा असावा, आत गोष्ट असावी, वास्तूला अर्थ असावा आणि एक-दोन बैठकींत संपावं, अशा अटी त्यांनी स्वतःलाच घालून घेतल्या होत्या. पैशांची ओढ इतकी, की पोरांना बूट घ्यायचे म्हणून आपण मॉड्यूल्स टीएसआरला विकली, असं हिकमन सांगतो. जोडे शिवणाऱ्यानं काढलेल्या कंपनीला बुटांसाठी गोष्ट विकली. १९८४ साली 'रहासिया' बी ७ या क्रमांकानं पुन्हा निघालं, आणि मूळ घरगुती प्रतींचं व्हायचं तेच झालं.

पण नाव? हिकमन तरुणपणी मॉर्मन धर्मप्रचारक म्हणून इंडोनेशियात, जावात राहिलेला. रहासिया हा तिकडचा शब्द, अर्थ गुपित. जावात तो कुठून गेला ते मला सांगायला नको. माझ्या आजीचा 'रहस्य' हा शब्द समुद्र ओलांडून जावात, तिथून युटाला, तिथून विस्कॉन्सिनच्या छापखान्यात, आणि महामार्गावर माझ्या पोराच्या तोंडी, चुकीच्या उच्चारासकट. मी त्याला तीनदा 'स्य' म्हणायला लावलं. जमलं नाही.

त्या शुक्रवारी पोरं आली नाहीत, कुणाची तरी परीक्षा होती. मुलानं नऊ डॉलरचं चोपडं काढलं आणि मला म्हणाला, आज तू डंजन मास्टर. मी मुखपृष्ठ टेबलावर उभं केलं. त्या अनोळखी पोरानं लिहिलेले राक्षस मी जसेच्या तसे वापरले. त्याच्या खजिन्यात तांब्याची नाणी फार होती. खोडाखोडीच्या खोलीत काय ठेवायचं ते अंदाजानं वाचलं. मग एक खोली अशी आली, की त्यानं तिला हातच लावलेला नव्हता. दोन्ही ओळी तशाच, पन्नासेक वर्षांच्या, थोड्या पिवळ्या.

"दार उघडलं," मुलगा म्हणाला. "आत काय आहे?"

मी पेन्सिल घेतली, टोक बघितलं, आणि ती बाजूला ठेवून त्याला तोंडानंच सांगितलं.